आधी तिथी, मग चमत्कार: ऋतूंच्या लोककथांना चित्ररूप देऊ पाहणाऱ्यांसाठी

लोककथेचे चित्र काढायला बसलेला नवखा चित्रकार बहुतेक वेळा चमत्कारापासून सुरुवात करतो. बोलणारा नाग किंवा झाडातून प्रकट होणारी देवी तो आधी मन लावून रंगवतो आणि मग उरलेल्या जागेत एखादे झाड, एखादे घर आणि कोपऱ्यात चंद्र टाकून मोकळा होतो. मीही तेच केले होते. माझे पहिले पूर्ण चित्र दिव्यांच्या अवसेच्या कहाणीचे होते. शिकारीहून परतणारा राजा रात्री एका झाडाखाली थांबतो, गावातले सगळे दिवे त्या झाडावर येऊन बसलेले असतात आणि यंदा आपापल्या घरी आपली पूजा कशी झाली हे एकमेकांना सांगत असतात, तो प्रसंग मी निवडला होता. झाडामागे मोठ्या हौसेने पिवळाधमक पूर्ण चंद्र काढला. नागपूरच्या इतवारीत राहणाऱ्या माझ्या आत्याने चित्र हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “अवसेच्या रात्री चांद कुठून आनला वं?”

चूक केवळ चंद्राची नव्हती. त्या रात्री आकाशात उजेड नाही, म्हणूनच दिव्यांची सभा भरते आणि म्हणूनच ती राजाच्या नजरेस पडते. चंद्र काढला की त्या सभेचे कारणच संपते. तेव्हापासून माझा कामाचा क्रम उलटा झाला आहे: आधी तिथी काढायची, मग चमत्कार. आपल्याकडच्या लोककथांमधली जादू कुठल्याही दिवशी घडत नाही, ती पंचांगातल्या ठरावीक दिवशी, ठरावीक पावसात आणि ठरावीक फुलोऱ्यात घडते. तो दिवस कागदावर नेमका उतरला, तर अद्भुत गोष्ट खरी वाटू लागते. ज्यांना थोडेफार रेखाटता येते, परंतु लोककथांची चित्रे कशी हाताळावीत हे ठाऊक नाही, अशा नागपूर आणि आसपासच्या मंडळींसाठी हा क्रम सविस्तर लिहीत आहे.

गोष्ट माणसाकडून ऐका

छापील संग्रहातून गोष्ट घेण्यात गैर काही नाही, पण पहिली गोष्ट तरी प्रत्यक्ष सांगणाऱ्याकडून ऐकावी. घरातली आजी, वस्तीतल्या मातामायच्या ओट्याशी बसणाऱ्या बाया, शेतावरचा सालदार, यांच्याकडे ती असते. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, परंतु मुद्रण चालू आहे म्हणून लिहिणे टाळू नका, कारण हाताने टिपून घेताना चित्रे आपोआप सुचू लागतात.

ऐकून झाल्यावर तीन प्रश्न हमखास विचारावेत. ही गोष्ट कधी सांगतात? सांगताना समोर काय ठेवलेले असते? आणि ती कोणी ऐकायची नसते का? आमच्या घरी दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो असे म्हणत, त्यामुळे आजीच्या सगळ्या गोष्टी कंदील लागल्यानंतरच्या असत. ही माहिती सहज बोलण्यात येत नाही, विचारावी लागते, आणि चित्रासाठी ती कथानकाइतकीच मोलाची असते. “आटपाट नगर होतं” ही सुरुवात आणि “साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण” हा शेवट जसाच्या तसा लिहून घ्या. कहाणी या दोन वाक्यांच्या मध्ये घडते. पहिल्या आणि शेवटच्या पानावरच्या चित्रांत हे उघडणे आणि मिटणे दाखवता आले, तर बाकीच्या पानांना आपोआप चौकट मिळते.

तिथी निश्चित करा

या पायरीवर घाई करू नका, कारण अर्धे काम इथेच होते. गोष्ट ज्या दिवसाची आहे त्याचा महिना, पक्ष आणि तिथी वहीच्या माथ्यावर लिहा आणि त्याखाली त्या दिवसाचे आकाश, जमीन, झाडे आणि घरातले स्वयंपाकघर असे चार रकाने करून ते भरा.

नागपुरात या कामात एक विशेष अडचण येते. आपल्या शहरात मराठी आणि हिंदी दोन्ही घरे शेजारी नांदतात, आणि दोन्हींचे महिने वेगळ्या दिवशी संपतात. मराठी महिना अमावास्येला संपतो, हिंदी महिना पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण कृष्ण पक्षात हिंदी पंचांग एक महिना पुढे असते. आपल्या पंचांगात पोळा श्रावणी अमावास्येला येतो, आणि छत्तीसगडहून आलेले शेजारी त्याच अमावास्येला भादोंची अमावस म्हणतात. त्यांची हरेली सावन अमावसेची, म्हणजे आपली आषाढी, दिव्यांचीच. सांगणाऱ्याने ‘सावन’ म्हटले म्हणून आपण डोळे मिटून श्रावण लिहिला, तर चित्रातले शेत एका महिन्याने मोठे होते. शेतात खुरपणी चालू आहे की पीक कमरेला लागले आहे, हा फरक गावातल्या वाचकाला पहिल्या नजरेत दिसतो.

चंद्राच्या बाबतीत पुढील गोष्टी पाठच करून ठेवाव्यात. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच असतो, म्हणून कोजागरीच्या मध्यरात्रीच्या चित्रात सावल्या आखूड आणि पायाशी पडलेल्या असल्या पाहिजेत. शुक्ल पक्षातली कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि कृष्ण पक्षातली पहाटे पूर्वेला. युरोपातल्या परीकथांच्या पुस्तकांतून आपल्या डोळ्यांत बसलेली कोर उभी, धनुष्यासारखी असते. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि इथली संध्याकाळची कोर, विशेषतः फाल्गुन-चैत्रात, बरीच आडवी, होडीसारखी दिसते. ही एकच गोष्ट नीट काढली तरी चित्र आपल्या आकाशाखाली येते.

झाडांच्या बाबतीतही स्मरणावर विसंबू नये. पळस फुलतो तेव्हा त्याच्या फांद्यांवर पाने जवळजवळ नसतात, त्यामुळे होळीच्या गोष्टीत हिरव्यागार पळसावर केशरी फुले काढणे चुकीचे ठरते. वैशाखात सागाचे रान उघडेबोडके असते आणि काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात. मोहाची फुले चैत्राच्या आसपास रात्री उमलून पहाटे गळतात, म्हणून मोह वेचणाऱ्या मुलीची गोष्ट उजाडतानाच्या करड्या प्रकाशातच शोभते, आणि त्यानंतर येणारी मोहाची कोवळी पाने हिरवी नसतात, तांबूस असतात. भाद्रपद-आश्विनात नाल्याकाठी कासाचे पांढरे तुरे डोलू लागतात, तेव्हा पाऊस सरत आला असे जुनी माणसे म्हणतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना येते, पण एका देठावरच्या त्या तीन पानांपैकी मधले पान मोठे आणि टोकाशी रुंद असते हे किती जणांनी कागदावर काढून पाहिले आहे?

पावसाळी गोष्टींसाठी पंचांगातच चित्रकाराचा मोठा खजिना आहे. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रे, प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचे, आणि दर वर्षी प्रत्येकाला एक वाहन दिलेले असते: हत्ती, घोडा, मोर, बेडूक, म्हैस, कोल्हा, मेंढा, गाढव, उंदीर. वाहन बेडूक किंवा म्हैस असले की शेतकरी आशेने बोलतो, कोल्हा किंवा मेंढा निघाला की चेहरा उतरतो. यंदाच्या पंचांगातून नऊ वाहने काढून नऊ छोट्या चौकटी करणे हा नवख्यासाठी मला ठाऊक असलेला सर्वांत उत्तम सराव आहे. प्रत्येक चौकटीत वाहनावर बसून पाऊस गावात येतो आहे, एवढेच दाखवायचे. हत्तीवर बसलेला पाऊस आणि उंदरावर बसलेला पाऊस यांत ढगांचा आकार, थेंबांची जाडी आणि रस्त्यावरच्या माणसांची चाल कशी बदलते, हे नऊ चौकटींत हाताला उमगते.

जे काढायचे ते जाऊन पाहा

इव्हान बिलिबिन हे रशियन परीकथांचे चित्रकार १९०२ ते १९०४ या काळात रशियाच्या उत्तर भागात खेडोपाडी हिंडले आणि तिथली लाकडी घरे, भरतकाम, पोशाख यांचा अभ्यास केला. त्यांच्या चित्रांतल्या झोपडीच्या छपरावर जे कोरीवकाम दिसते ते पाहिलेले आहे, म्हणून त्या झोपडीतली चेटकीणही पाहिलेली वाटते. आपल्याला इतके दूर जायचे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीत उभे राहायचे आहे.

काळी मारबत आणि पिवळी मारबत यांच्या मिरवणुका १८८० च्या दशकापासून नागपुरात निघत आल्या आहेत. बांबूच्या सांगाड्यावर कागद आणि कापड चढवून केलेल्या या उंच स्त्रीमूर्ती गर्दीच्या डोक्यावरून डोलत येतात, सोबत त्या वर्षीच्या अडचणींवर बोट ठेवणारे बडगे, म्हणजे पुतळे, असतात, आणि “इडापिडा घेऊन जा गे मारबत” ही आरोळी गल्लीगल्लीतून उठते. शेवटी गावाबाहेर नेऊन त्यांचे दहन होते. मारबतीला राक्षसी समजून सुळे आणि रक्त काढणारी चित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि ती मला मान्य नाहीत. दहनाआधी लोक तिचे दर्शन घेतात, तिची पूजा करतात, आया लेकरांना तिच्यासमोर धरतात. ती गावाची पीडा स्वतःच्या अंगावर घेऊन जाणारी आहे. भीती आणि कृतज्ञता या दोन्ही भावना एकाच चेहऱ्यात आणणे कठीण आहे, म्हणून नवख्यांना माझे सांगणे असे की मारबतीचा चेहरा सरळ काढण्याऐवजी तिच्याकडे वर पाहणाऱ्या माणसांचे चेहरे आधी काढा. खेड्यांत पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवून दुसऱ्या दिवशी त्या गावाच्या शिवेबाहेर टाकतात. शहरातल्या प्रचंड मूर्तीचे हे लहानसे, घरगुती रूप आहे आणि लहान मुलांच्या पुस्तकासाठी मला ते अधिक जवळचे वाटते.

त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो. चाके लावलेला लाकडी बैल दोरीने ओढत मुले घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासूनची सांगतात. लाकडी बैल काढताना तो खऱ्या बैलासारखा काढू नका. पाय ताठ, मान आखूड आणि डोळा बाजूला रंगवलेला, अशा त्या सुताराच्या कामातच त्याचे प्राण आहेत. खऱ्या बैलाचा साज मात्र तपशिलाने टिपावा: अंगावर गेरूचे ठिपके, शिंगांना बेगड, कपाळावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल, नवी वेसण आणि नवा कासरा. आदल्या दिवशी खांदे शेकताना बैलाच्या कानाजवळ जाऊन “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या” असे म्हणणारा शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्याला बोलणाऱ्या बैलाची गोष्ट रंगवताना कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. माणूस बैलाला निमंत्रण देतो आहे. बैलाने उत्तर दिले तर त्यात नवल ते काय?

लहान वस्तू तर डोळ्यांजवळ धरूनच पाहाव्यात. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर मृगाचा किडा निघतो, लाल मखमलीचा, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. किडा म्हणून आपण त्याला सहा पाय काढतो. प्रत्यक्षात तो कोळ्याच्या कुळातला असून त्याला आठ पाय असतात, आणि बोट लावले की ते सारे पोटाखाली ओढून घेऊन तो नुसती लाल गोळी होतो. मी एकदा पावसाच्या पहिल्या आठवड्यात शेताच्या धुऱ्यावर पालथी पडून तासभर त्याची रेखाटने केली होती. मखमल दाखवायला रंग लागत नाही, कडेच्या रेषेऐवजी आखूड, दाट फटकारे लागतात, हे त्या तासात समजले. इतक्या लहान, लाल, मऊ प्राण्यावर पाऊस बसून आला असे कोणी लेकराला सांगितले, तर ते चित्र किती सोपे होईल!

आश्विनात भुलाबाई असते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गाणी म्हणत घरोघर जमतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, आणि शेवटी ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून मातीच्या मूर्तींची पूजा होते. या मूर्ती कुंभाराच्या हाताच्या, ठळक डोळ्यांच्या आणि भडक रंगाच्या असतात. तो साधेपणा दागिने वाढवून बिघडवू नये. झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ मात्र जरूर काढा. मुलींच्या चेहऱ्यांचे इतके भाव एका चित्रात क्वचितच जमून येतात.

जुन्या वस्तूंसाठी अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, आहेच. तिथे वही आणि पेन्सिल घेऊन सकाळी जा आणि एका फेरीत एकच दालन करा.

घरातली जिवती समोर ठेवा

आपल्याकडे ऋतूच्या जादूचे चित्र नवीन नाही. श्रावणात भिंतीवर लावायचा जिवतीचा कागद हे त्याचे उत्तम उदाहरण असून तो काही रुपयांत मिळतो. एकाच कागदावर नरसिंह आहे, कालियामर्दन करणारा कृष्ण आहे, लेकरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आहेत आणि खाली हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती आहे. चार वेगळ्या कथा एका पानावर बसवूनही नजर गोंधळत नाही, याचे कारण शोधत हा कागद पेन्सिलने आहे तसा उतरवून पाहा. प्रत्येक गटाचा बाह्याकार वेगळा आहे, चेहरे समोर पाहतात, आणि मजकुराची एक ओळही न वाचता कोण कोण आहे ते कळते. पुस्तकातल्या चित्राची आकृती कशी रचावी याचा पहिला धडा म्हणून मी नवख्यांना हाच कागद देते.

एकच क्षण निवडा आणि लहान रेखाटने करा

आता पुन्हा दिव्यांच्या झाडाकडे येऊ, म्हणजे ही पायरी प्रत्यक्ष कशी करायची ते दिसेल. कहाणी थोडक्यात अशी आहे. राजाच्या सुनेने घरातला पदार्थ स्वतः खाऊन उंदरांवर आळ घेतला. चिडलेल्या उंदरांनी तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली आणि बदनामी होऊन ती घराबाहेर काढली गेली. ती रोज दिवे घासत असे, त्यांना लावत असे, अवसेला त्यांची पूजा करत असे. ती गेल्यावर हे सारे थांबले. पुढच्या दिव्यांच्या अवसेला राजा त्या झाडाखाली उतरला आणि त्याच्याच घरच्या दिव्याने बाकीच्यांना आपली कर्मकहाणी सांगितली. राजाला खरे काय ते कळले आणि त्याने सुनेला मेण्यात बसवून परत आणले.

यात चित्रासाठी चार-पाच प्रसंग आहेत, परंतु एकाच चित्राची जागा असेल तर झाडाचाच घ्यावा. आगपेटीएवढ्या दहा-बारा चौकटी आखून प्रत्येकीत फक्त काळा, करडा आणि पांढरा वापरून रचना करून पाहा. चेहरे काढू नका. या टप्प्यावर ठरवायचे ते एवढेच: उजेड कुठून येतो, राजा किती मोठा आहे, आणि पाहणाऱ्याची नजर शेवटी कोणत्या दिव्यावर थांबते.

माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी वड निवडला, कारण त्याच्या पारंब्या लामणदिव्याच्या साखळ्यांसारख्या लोंबतात. राजा खाली डाव्या कोपऱ्यात, आपल्याकडे पाठ करून, लहान ठेवला. फांद्यांवर समया, निरांजने, पणत्या, एक-दोन कंदील, आणि सर्वांच्या मध्ये राजाच्या घरची समई, घासलेली नसल्यामुळे काळवंडलेली. दिव्यांना डोळे आणि तोंड काढण्याचा मोह आवरा. दिवा बोलतो हे ज्योतीवरून दाखवता येते: बोलणाऱ्या दिव्याची ज्योत उंच आणि सरळ, आणि ऐकणाऱ्या सगळ्या ज्योती तिच्याकडे किंचित कललेल्या. वाऱ्याने सर्व ज्योती एका दिशेला झुकतात, इथे त्या चहूबाजूंनी एका समईकडे झुकल्या आहेत, एवढ्यावरून जादू ओळखू येते. आषाढ असल्यामुळे पाने ओली आहेत, म्हणून उजेड पानांच्या खालच्या बाजूने चमकतो. राजाच्या मुंडाशावर आणि खांद्यांवर तो वरून पडतो.

अंधारासाठी बाटलीतला काळा वापरू नका, तो कागदावर मेल्यासारखा दिसतो. इंडिगो आणि बर्न्ट अंबर मिसळून केलेला काळा जिवंत राहतो. ज्योतीची जागा पहिल्यापासून कोऱ्या कागदाची राखून ठेवा, तिच्याभोवती पातळ पिवळा, त्याभोवती केशरी, आणि मग अंधाराचे तीन-चार थर, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा.

सामान आणि नागपूरचे हवामान

सुरुवातीला महाग सामान लागत नाही. ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद, २बी पेन्सिल, पाण्याने न विरघळणारी काळी शाई, टाकाची निब, दोन गोल ब्रश आणि बारा जलरंग पुरेत. हे सारे सीताबर्डीच्या बाजारात एका फेरीत मिळते.

हवामानाचा विचार मात्र इथे करावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की जलरंगाचा ओला थर पसरण्याआधीच वाळतो आणि कडा उमटतात. तेव्हा मोठे आकाश पहाटे सहाच्या आत रंगवा, कागद मागून ओला करून घ्या, आणि कूलरच्या झोतात बसू नका. श्रावणात उलट त्रास असतो. थर तासन्तास वाळत नाहीत आणि घाईने पुढचा थर दिला की खालचा उचलला जातो. मागे एका पावसाळ्यात मी बारा पूर्ण चित्रे पेटीत बंद करून ठेवली आणि दसऱ्याला उघडली तेव्हा सात चित्रांवर बुरशीचे ठिपके होते. तेव्हापासून चित्रांमध्ये कोरा कागद घालते, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि ऊन पडेल त्या दिवशी सर्व चित्रे सावलीत हवेवर पसरते.

टॅबलेटवर काम करणाऱ्यांना या अडचणी नाहीत. तरीही निदान पहिली रेखाटने कागदावर करावीत असे माझे मत आहे, कारण पडद्यावर कितीही वेळा पुसता येत असल्यामुळे निर्णय लांबत राहतो.

चौकट

बिलिबिन यांच्या चित्रांभोवतीच्या नक्षीदार चौकटी आणि इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅम यांच्या शाईच्या वळणदार रेषांवर चढवलेले पातळ, मातकट रंगांचे थर, या दोन्ही पद्धती नवख्याला भुरळ पाडतात. त्यांच्याकडून पद्धत घ्यावी, वस्तू घेऊ नये. चौकटीत रशियन भूछत्रांऐवजी भुलाबाईच्या गोष्टीला ज्वारीची कणसे, होळीच्या गोष्टीला पळसाच्या कळ्या आणि पोळ्याच्या गोष्टीला घुंगरमाळ आली पाहिजे. चौकटही तिथी सांगते.

काय काढू नये

गोंड लोककथांकडे वळताना सावध राहा. नागपूर शहर १७०२ च्या सुमारास वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता आणि या भूमीच्या कितीतरी कथा गोंडांच्या आहेत. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी उतरवून घेतलेली, गोंडांच्या लिंगो या देवपुरुषाची गाथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापली गेली, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगड इथे माघ पौर्णिमेला आजही हजारो लोक जमतात. ती त्यांच्यासाठी परीकथा नाही, धर्म आहे. म्हणून ती रंगवण्याआधी त्या समाजातल्या जाणत्यांना भेटावे. परधान गोंड चित्रशैलीतले ठिपके आणि रेघोट्या ही तर प्रत्येक चित्रकाराची स्वतःची सही असते. मध्य प्रदेशातल्या पाटणगडचे जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) यांच्यापासून पुढच्या प्रत्येकाने आपली नक्षी वेगळी घडवली आहे. ती पाहावी, तिच्यावर प्रेम करावे, पण आपल्या प्राण्यांच्या अंगात भरू नये.

दुसरी गोष्ट मी अधिक कळकळीने सांगते. चेटकीण काढायची झाली की आपला हात नकळत म्हातारी, विधवा, काळी किंवा आदिवासी बाई काढतो. आपल्या भागात अशा बायांना चेटकीण ठरवून खरोखर छळले गेले आहे, आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आहे. मुलांच्या पुस्तकातले चित्र हे मुलाच्या मनातले पहिले ओळखपत्र असते. गोष्टीत दुष्ट शक्ती असेल तर ती चकव्यासारखी काढा: वाट तीच, झाड तेच, पण पावलांचे ठसे पुन्हा पुन्हा त्याच झाडाशी येतात. भीती पुरेपूर वाटते आणि कुणाच्या चेहऱ्यावर तिचा डाग पडत नाही.

काम पूर्ण करणे आणि पाठवणे

चित्र ३०० डीपीआयवर स्कॅन करा, नुसते शाईचे असेल तर ६०० वर. पानाच्या कडेपर्यंत रंग जाणार असेल तर चारही बाजूंना तीन मिलिमीटर जास्तीचे रंगवलेले असू द्या, नाहीतर कापणीत पांढरी रेघ दिसते.

मराठीत अशा चित्रांना जागा आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून चित्रकारांचे वर्ष दिवाळीभोवती फिरते, आणि बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघते आहे. दिवाळी अंकांचे काम पावसाळ्यातच मागितले जाते, म्हणून कोजागरीचे चित्र आषाढात काढायची वेळ येते. अशा वेळी वर्षभराच्या वह्या उपयोगी पडतात. मागच्या आश्विनात टिपलेला कासाचा तुरा आणि मखराचे धांडे समोर असले, तर खिडकीबाहेर मुसळधार पाऊस पडत असतानाही शरदाचे चांदणे रंगवता येते. संपादकांना एकदम पूर्ण पुस्तक पाठवू नका. एकाच गोष्टीची तीन रंगीत चित्रे आणि सर्व पानांची लहान रेखाटने पाठवा.

मूळ चित्राच्या मागे पेन्सिलने गोष्टीची तिथी, ऐकल्याची तारीख, सांगणाऱ्याचे नाव आणि गाव लिहा, आणि छापलेली पहिली प्रत त्या माणसाच्या हातात नेऊन द्या. माझ्या आत्याने झाडावरच्या दिव्यांचे दुसरे चित्र बराच वेळ न्याहाळले, काळवंडलेल्या समईवर बोट ठेवले आणि म्हणाली, “हे राजाच्या घरची.” मग तिने मला त्याच कहाणीतला उंदरांचा भाग पुन्हा पहिल्यापासून सांगितला, आधी कधी न सांगितलेल्या तपशिलांसह, आणि मी वही उघडली.